पाच पार्ट्यांची ड्रॉइंग आणि एकच टेबल : कुपवाडच्या वर्कशॉपना काम करून देणाऱ्या नवख्यांसाठी

"मॅडम, आमचं फिक्स्चर शुक्रवारी येणार होतं. आणि शुक्रवारी तुम्ही मागच्या गल्लीतल्यांची बेंडिंग डाय पुरी करून दिलीत म्हणे?"

फोनवरचा आवाज अगदी शांत होता, त्यामुळे जास्तच लागला. झालं असं होतं की हे दोन्ही मालक सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एकाच गाड्यावर चहा पितात. एकाला मी 'घरी आजारपण आहे' म्हणून सांगितलं होतं आणि त्याच दिवशी दुसऱ्याचं काम करून दिलं होतं. कप खाली ठेवायच्या आत दोघांचा हिशेब जुळला.

डिप्लोमा करून मी सात वर्षं एका कंपनीच्या डिझाइन विभागात काढली. २०१७ पासून घरून काम करते : फिक्स्चर आणि जिग (काम चालू असताना पार्ट पकडून ठेवणारी साधनं), शीट मेटलचे पार्ट, कधी अख्ख्या कन्व्हेयरची ड्रॉइंग. एका वेळी चार-पाच पार्ट्या असतात. मोठ्या शहरात तुमची एक पार्टी दुसरीला आयुष्यात भेटणार नाही. इथे त्या चहाला भेटतात, लग्नात भेटतात, लेझर कटिंगवाल्याच्या रांगेत तर रोजच भेटतात. म्हणून सांगली-मिरजेत अनेक पार्ट्या सांभाळायच्या तर कामाची घडीच अशी बसवावी लागते, की पाचही जणांना एकच गोष्ट सांगता येईल. ती घडी मी चुका करत बसवली. तुम्ही नव्याने सुरू करत असाल तर त्यातल्या निम्म्या तरी टाळा.

१. नोकरी सोडताना

नेमणूकपत्र एकदा काढून वाचा. 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही' असं कलम पुष्कळांच्या पत्रात असतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा करण्यावर अशी बंदी घालणारा करार सहसा टिकत नाही. पण कंपनीची ड्रॉइंग, गिऱ्हाइकांच्या याद्या, दर यांची गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हवर एकही फाइल नेऊ नका, 'नुसती संदर्भाला' म्हणूनसुद्धा नको.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. पहिलं बिल लवकर होतं, पहिले पैसे लवकर येत नाहीत.

२. कागद आधी, पार्टी नंतर

मोठी पार्टी काम देण्याआधी व्हेंडर फॉर्म पाठवते. तेव्हा धावपळ नको म्हणून हे तयार ठेवा :

- पॅन आणि आधार, एकमेकांना जोडलेले. पॅन दिलं नाही तर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) २० टक्क्यांनी कापला जातो.
- धंद्याचं वेगळं बँक खातं आणि त्याचा कॅन्सल केलेला चेक. घरखर्चाच्या खात्यात बिलं जमा करू नका, मार्चमध्ये डोकं धरून बसाल.
- उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर आधार-पॅन घालून होते आणि पूर्ण फुकट असते. शोधायला गेलात की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि फी मागतात. पैसे मागितले की समजा, साइट चुकली.
- व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये. हा कर बहुतेकांना माहीतच नसतो आणि मग दंडासकट कळतो.
- जीएसटी : सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर आपल्याकडे नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही. 'जीएसटी बिल नसेल तर काम नाही' म्हणणाऱ्या पार्ट्या भेटतात, तेव्हा स्वेच्छेने नोंदणी घेता येते. पण मग बिल शून्य असलं तरी रिटर्न भरत राहावं लागतं. एका पार्टीसाठी घेऊ नका, तीन जणांनी मागितलं तर विचार करा.
- परवान्याचं सॉफ्टवेअर. चोरीच्या कॉपीवर पाच पार्ट्यांच्या फायली ठेवणं म्हणजे पाचही घरांच्या किल्ल्या रस्त्यावर ठेवण्यासारखं आहे. अख्खं पॅकेज झेपत नसेल तर ऑटोकॅडची हलकी आवृत्ती घ्या किंवा फ्रीकॅड शिका, ते फुकट आहे.

आणि एक सीए. वर्षातून एकदा भेटणारा नको, फोन उचलणारा हवा.

३. आपल्याकडे तास किती आहेत ते मोजा

हे कुणी करत नाही. मीही दीड वर्ष केलं नव्हतं. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे आपल्याकडे २०० तास आहेत असं धरून मी कामं घेत होते आणि रात्री एकला झोपत होते. मग तीन महिने वहीत अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवली. बिलात लावता येतील असे तास निघाले ११५ ते १२०. बाकीचे गेले कुठे? फोन. मोजमाप घ्यायला कुपवाडला जाणं-येणं. जी कामं मिळालीच नाहीत त्यांची कोटेशनं. 'मॅडम, पाच मिनिटं बोलायचं होतं' हा पाऊण तास. आणि बिलांच्या मागे फिरणं.

घरून काम करणारी बाई असाल तर या वहीत आणखी एक खातं उघडा. सिलिंडर आला, पाहुणे आले, सासूबाईंना मिरजेला डॉक्टरकडे न्यायचंय, आणि 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य. माझ्या वहीत त्याचे महिन्याला २२ तास निघाले. ती वही मी घरच्यांना दाखवली. त्यानंतर निदान सिलिंडर तरी दुसरं कुणी घेतं.

तर तुमचा आकडा काढा. माझ्या १२० पैकी १५ तास मी कुणालाच देत नाही, ते दुरुस्त्यांसाठी. उरलेल्या १०५ मध्ये कुठल्याही एका पार्टीला ४० पेक्षा जास्त नाही. ती पार्टी कितीही चांगली असो. दुसऱ्या वर्षी माझ्या एका पार्टीकडे ७० तास जात होते. त्यांनी अचानक स्वतःचा ड्राफ्ट्समन ठेवला आणि माझं पुढच्या महिन्याचं टेबल अर्ध्याहून जास्त रिकामं झालं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

४. तारीख फोनवर द्यायची नाही

फोन आला की तोंडातून 'परवा देते' निघून जातं. इथेच सगळं बिघडतं. मी आता ठरलेलं उत्तर देते : "बघून संध्याकाळी सहाला सांगते." आणि सहाला खरंच सांगते. वही उघडायची, या आठवड्यात कुणाकुणाला काय कबूल केलंय ते बघायचं, स्वतःच्या अंदाजाची दीडपट करायची आणि मग तारीख लिहून पाठवायची.

तारखा दोन द्या : एक तपासायला पाठवण्याची, दुसरी अंतिम ड्रॉइंगची. मधले दिवस पार्टीचे. त्यांनी तपासायला चार दिवस घेतले तर दुसरी तारीख चार दिवस पुढे जाईल, हे पहिल्याच मेसेजमध्ये असू द्या. नाहीतर त्यांचा उशीर तुमच्या नावावर पडतो.

आता 'अर्जंट'. कुपवाडमध्ये अर्जंट नसलेलं काम मी अजून पाहिलेलं नाही. पण दोन प्रश्न विचारले की खरं-खोटं कळतं : "प्लेट आली का?" आणि "मशिन रिकामं कधी आहे?" पुष्कळदा प्लेट यायची असते आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) पुढच्या बुधवारपर्यंत भरलेलं असतं. मग बुधवारच्या आदल्या दिवशी ड्रॉइंग दिलं तरी सगळं वेळेत होतं. आदबीने विचारलं तर कुणाला राग येत नाही. उलट 'मॅडमना शॉपमधलं कळतं' असं होतं.

खरी अर्जंट एकच : चालू मशिनचा पार्ट तुटलाय आणि लाइन बंद आहे. ते काम मी रात्री बसून करते, दीडपट दराने. त्यामुळे ज्याचं काम मागे पडणार त्याला त्याच दिवशी कळवते. कारण रंगवून सांगायचं नाही. माझा मेसेज एवढाच असतो :

"साहेब, एका ठिकाणी ब्रेकडाउन आलाय. तुमचं गुरुवारचं ड्रॉइंग शनिवारी दुपारी १२ ला देते. गुरुवारीच लागणार असेल तर आत्ता सांगा, त्यांना नाही म्हणते."

'दुसरीकडे काम आहे' हे लपवायचं मी चहाच्या गाड्यानंतर सोडून दिलं. आठपैकी सात वेळा उत्तर येतं, "चालतंय की." आठव्या वेळी खरंच त्यांचं काम आधी करावं लागतं.

५. फायली : खरे पैसे इथे बुडतात

एकाच पार्टीचं काम करताना चालणारा गबाळेपणा पाच पार्ट्यांना चालत नाही. माझ्याकडे एकदा एका ब्रॅकेटच्या तीन फायली होत्या : 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन २'. दुपारी दुसऱ्याच पार्टीचं काम चालू असताना फोन आला, "लेझरवाल्याकडे उभा आहे, फाइल टाका." टाकली. भोकांमधलं अंतर जुनं होतं. १२ मिमीच्या प्लेटमधून चौदा तुकडे कापून झाल्यावर कळलं. प्लेटचे आणि कटिंगचे पैसे माझ्या बिलातून गेले, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून :

- प्रत्येक पार्टीचं वेगळं फोल्डर. फाइलच्या नावात पार्टीची दोन अक्षरं, जॉब नंबर, शीट नंबर, रिव्हिजन (कितवी सुधारणा ते : आर-१, आर-२). 'फायनल' हा शब्द नावात आणायचा नाही.
- जुनी रिव्हिजन लगेच 'रद्द' फोल्डरमध्ये. चालू फोल्डरमध्ये एका शीटची एकच फाइल दिसली पाहिजे.
- पीडीएफ आणि डीएक्सएफ एकाच वेळी काढायचे. पीडीएफ नवीन आणि डीएक्सएफ जुना, हा सापळा सगळ्यात वाईट, कारण तपासणारा पीडीएफ बघतो आणि मशिन डीएक्सएफ कापतं.
- फाइल ईमेलनेच. व्हॉट्सॲपवर फोटो आणि 'ईमेल बघा' एवढंच. व्हॉट्सॲपवरून फाइल कुणाकुणाकडे फिरली ते सांगता येत नाही.
- मंजुरी लेखी. 'ठीक आहे' एवढा ईमेल पुरतो, तोंडी पुरत नाही.
- नवीन रिव्हिजन पाठवताना स्पष्ट लिहा : "आर-१ ची शॉपमधली प्रिंट काढून टाका." लेथला चिकटवलेला जुना कागद कुणी आपणहून काढत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पार्टीचं एक पान. एका कागदावर लिहून मी टेबलासमोर लावते : शीटचा नमुना कुठला, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल (पार्टच्या बाजू कागदावर मांडायच्या दोन पद्धती), टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठल्या, बेंडिंगला पत्रा ताणतो म्हणून किती मिमी वजा करायचे, मंजुरी कोण देतो. आपल्याकडे शिकवतात फर्स्ट अँगल. पण माझी एक पार्टी अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी पार्ट करते, त्यांना थर्ड अँगल लागतो. सकाळी त्यांचं काम आणि दुपारी दुसऱ्याचं केलं की डोकं सकाळच्याच अँगलमध्ये राहतं. बेंडिंगचं तर प्रत्येक प्रेसचं आणि डायचं गणित वेगळं, एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की पेटीचं झाकण बसत नाही. म्हणून पार्टी बदलताना मी पाच मिनिटं थांबते, चहा घेते, पान वाचते आणि मग फाइल उघडते. शक्यतो एका दिवसात दोनच पार्ट्या, दुपारच्या जेवणाच्या आधी एक आणि नंतर एक.

बॅकअपबद्दल थोडंसं. ऑगस्ट २०१९ ला मी सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी त्याच्याही खूप वर गेलं, तेव्हा कॉम्प्युटर माळ्यावर ठेवून आम्ही बाहेर पडलो होतो. माळ्यापर्यंत पाणी आलं नाही, पण आठवडाभर त्या फायलींना हात लावता आला नाही. कुपवाडची वर्कशॉप उंचावर, तिथे ड्रॉइंग मागत होते. आता एक प्रत क्लाउडवर असते आणि एक हार्ड डिस्क बहिणीकडे कराडला. पंधरा दिवसांनी बदलते.

६. दोन पार्ट्या एकमेकींच्या स्पर्धक असतील तर

असतीलच. व्हॉल्व्ह, पंप, साखर कारखान्याचे पार्ट करणारी वर्कशॉप इथे शेजारी शेजारी आहेत. दोघांचं काम घेता येतं, पण एकच पार्ट दोघांसाठी करायचा नाही, आणि हे दोघांनाही आधी सांगायचं. घरी कुणी मालक आले तर स्क्रीन बंद आणि पानं उलटी करून ठेवायची.

सगळ्यात फसवा प्रश्न अगदी गप्पांत येतो : "काय, त्यांच्याकडे काय चाललंय सध्या?" उत्तर दिलंत तर समोरचा खूश होतो आणि मनात नोंद करतो, की आपलंही तिकडे जात असणार. मी हसून म्हणते, "तुमच्याकडचं तिकडे सांगत नाही, तसंच." विषय तिथेच संपतो.

७. दर

दर सगळ्यांना एकच ठेवा, ते एकमेकांना कळणारच आहेत. फरक करायचा तो अटींवर : आगाऊ निम्मे देणाऱ्याला ५ टक्के सूट, महिन्याचे ठरावीक तास घेणाऱ्याला थोडा कमी दर. असा फरक चहाच्या गाड्यावर निघाला तरी समजावता येतो. तासावर बोला किंवा शीटवर, पण दोन दुरुस्त्या दरात आणि तिसरीपासून वेगळे पैसे हे कोटेशनमध्ये हवंच. ड्रॉइंगवर नाव पार्टीचं असेल, पण मूळ थ्रीडी मॉडेल पूर्ण पैसे आल्यावर मिळेल, हेही लिहा.

८. बिल, टीडीएस आणि अडकलेले पैसे

पीओ (पार्टीची लेखी ऑर्डर) आल्याशिवाय काम सुरू करू नका. छोट्या वर्कशॉपमध्ये पीओ नसतो, तिथे ईमेलवर चार ओळी लिहून 'हो' घ्या. बिल काम संपलं त्याच दिवशी. मी पूर्वी महिनाअखेरीला पाच बिलं एकदम करायची आणि कुणाची तिसरी दुरुस्ती लावायची राहिली ते आठवत बसायची.

टीडीएस बघून घाबरू नका. ४०,००० च्या बिलाचे ३६,००० आले तर बाकीचे ४,००० तुमच्या पॅनवर सरकारकडे जमा व्हायला हवेत. एकाच प्रकारच्या कामावर कुणी व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के कापतं, कुणी तांत्रिक सेवा म्हणून २, कुणी जॉब वर्क समजून १. पहिल्या दोन प्रकारांसाठी टीडीएस न कापण्याची वर्षाची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली आहे. पाच पार्ट्या असल्या की दर तीन महिन्यांनी आयकर पोर्टलवर जाऊन प्रत्येकीचा टीडीएस जमा दिसतोय का ते बघा. कापला पण भरलाच नाही, असं माझ्याबाबतीत दोनदा झालंय. वर्ष संपल्यावर ते निस्तरायला फार फोन करावे लागतात. इंजिनिअरिंग किंवा तांत्रिक सल्ल्याच्या व्यवसायात तुम्ही बसत असाल तर निम्मी जमा नफा धरून कर भरायची सोय आहे. तुम्ही बसता का ते सीएला विचारा. त्या सोयीत आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरायचा असतो.

आता अडकलेले पैसे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. २००६ च्या एमएसएमई कायद्यात हे आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम पार्टीला ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्चात धरता येते. हे मार्चमध्ये फार उपयोगी पडतं.

पण कायद्याचं पुस्तक आपटू नका, उद्या तेच लेझरच्या रांगेत भेटणार आहेत. बिलावर उद्यम नंबर छापा आणि फेब्रुवारीअखेरीला अकाउंट्सच्या माणसाला, मालकाला नाही, एक फोन करा : "आमचे सीए विचारतायत, ४५ दिवसांवरची बिलं कुठली आहेत. तुमच्याही ऑडिटला लागेल ना?" माझी जुनी बिलं या एका वाक्याने जितकी सुटली तितकी रोज आठवण करून सुटली नव्हती. तरीही नाहीच आले तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार करता येते. ती केलीत की ती पार्टी गेली, असं धरून चाला.

एक नियम मात्र कडक पाळा : दोन बिलं थकली की तिसरं काम सुरू करायचं नाही. त्या रिकाम्या तासांत दुसऱ्याचं काम बसतं.

९. वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर

गाळप संपलं की कारखान्यांची ओव्हरहॉलिंग सुरू होते आणि एप्रिलपासून फॅब्रिकेशनवाल्यांचे फोन वाढतात. मार्चमध्ये सगळ्यांना बिलं संपवायची असतात. गणपतीत आणि दिवाळीत शॉप बंद, पण आधीच्या आठवड्यात दुप्पट काम. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्याकडे लक्ष ठेवून तारखा द्या. हे सगळं जानेवारीतच भिंतीवर लिहा आणि एप्रिलमध्ये नवीन पार्टी घेऊ नका.

१०. पार्टी सोडायची असेल तर

महिनाभर आधी सांगा, हातातलं काम पुरं करा. शेवटचं बिल आधी, मग पेनड्राइव्ह. त्यात त्यांच्या सगळ्या शीटची चालू रिव्हिजन, मॉडेल आणि ते बेंडिंगचं पान. ते पान द्यायला मी पहिल्या वेळी विसरले होते. त्यांच्या नव्या ड्राफ्ट्समनचा तीन दिवस फोन येत होता, "मॅडम, झाकण बसंना वो."